तीर्थनचा ट्राउट कुणाचा?

मी, सदानंद वामन टिळेकर, वय ५९, बँकेत नोकरी, राहणार सालमिया, कुवेत, सोमवारी हृदयाचं ऑपरेशन असल्याने आजच हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दबाव कुणाचाही नाही. बुद्धी शाबूत आहे. याबाबत पत्नीचं मत वेगळं आहे, त्याची नोंद घ्यावी.

१. डोंबिवलीचा फ्लॅट आणि सगळी शिल्लक पत्नी सौ. मंदा हिला. शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा एकोणीस वर्षं चोरीला जाताना तिने पाहिला आणि गप्प बसली. (गप्प म्हणजे तिच्या मानाने.)

२. ट्राउट मासे पकडायला गळावर त्याच दोऱ्याने बांधलेल्या माझ्या हातच्या ६१२ नकली माश्या, कुवेतमधल्याच वफ्रा गावच्या शेतांवरून आणलेली कोंबड्यांची पिसं आणि गळ पकडून ठेवायचा छोटा व्हाइस मुलगी क्षितिजा हिला. ती ‘बाबा, इट्स जस्ट अ फिश’ म्हणते, म्हणून खुलासा: मेफ्लाय नावाचा कीटक वर्षभर नदीच्या तळाशी दगडांत राहतो. मग एके दिवशी हजारोंनी वर येतो, पंख फुटतात आणि एक-दोन दिवसांत मरतो. या वर येण्याला हॅच म्हणतात. त्या वेळी ट्राउट दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. गळाला बांधलेली माशी रंगाने, मापाने हुबेहूब तशीच लागते. हे सगळं ज्ञान मी वाळवंटात बसून मिळवलं. रजा मात्र कायम जुलैत मिळाली, आणि जुलैत हिमाचलातली तीर्थन नदी चहासारखी गढूळ असते.

३. आता कबुली. चार वर्षांपूर्वी एकदाची एप्रिलमध्ये रजा मिळाली. इथे कुवेतच्या राई भागात गॅरेज चालवणारा माझा मित्र झहूर परकार सोबत होता. आणि हॅच झाला! नदीवर कीटकांचा नुसता धुरळा. मी काय केलं? चष्मा शोधला, पट्टी काढली, कीटक मोजला, वहीत लिहिला. झहूरने माझ्या डब्यातली हाताला लागेल ती माशी लावली आणि दीड किलोचा ट्राउट काढला. “भाऊ, तुम्ही धरा, मी फोटो काढतो,” म्हणाला. मी धरला. तोवर हॅच आटोपला होता.

पुढे मराठी मंडळात ‘हॅच कसा साधावा’ या विषयावर तोच फोटो पडद्यावर लावून मी पाऊण तास बोललो. मासा मीच पकडला, असं सांगितलं. झहूर समोरच बसला होता. त्यानंतर आमच्या घरी आला नाही.

४. माझ्या पश्चात दिवाणखान्यातल्या त्या फोटोखाली ‘मासा: झहूर परकार. नुसता धरणारा: टिळेकर’ अशी पट्टी लावावी आणि कलम ३ मंडळात कुणीतरी मोठ्याने वाचावं. जिवंतपणी हे माझ्याच्याने होणार नाही. मासा मी झहूरला ठेवून जाऊ शकत नाही, तो त्याचाच आहे.

५. साक्षीदार झहूरच हवा. काल फोन केला, पण ‘एका कागदावर सही हवी’ एवढंच बोलून ठेवून दिला. माफी मागायची होती. झहूर, चुकलो रे. तुझी फार आठवण येते.

स्थळ: सालमिया, कुवेत
दिनांक: ७ मार्च २०२५
सही: स. वा. टिळेकर

साक्षीदार:
१. जयप्रकाश सोनटक्के, शेजारी
२. झहूर परकार. सही करण्यापूर्वी सगळं वाचलं. कलम ४ मला मंजूर नाही. मेल्यावर दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही, भाऊ. सोमवारी हॉस्पिटलात मी सोडतो. बरे व्हा आणि मंडळात स्वतः उभे राहून वाचा. ऐकायला मी येतो.