सीटखालची अस्वल

ठमाबाई,

कोणी खरं मानणार नाई, पण आपल्या पोराच्या, अश्वजितच्या, जुन्या स्पोर्ट्स कारचा फ्युएल पंप तुह्या म्हाताऱ्या नवऱ्यानं एकट्यानं बदलला. आता सुनिल मेकॅनिकचे पाने वापस कराले म्हातारा धानोऱ्याले चालला हाये. मोबाईल फळीवर ठेवला. पोराचा फोन आला तर तूच उचल, म्हाताऱ्याले लाज वाटते.

झालं असं. पंप बसवून म्हातारा गाडीतच बसला अन् पुण्याले पोराले फोन लावला. म्हणे, "बापू, गाडी बंद पडली. मागच्या सीटखाली अस्वल व्याली. मेकॅनिक दिसला का गुरगुरते, तुहं नाव घेतलं का मान खाली घालते. तू येशीन तवाच पंप बदलन."

दोन उन्हाळे झाले, पोरगं अंगणात दिसलं नाई. मायबापासाठी नाई तर गाडीसाठी तरी येईन, असं म्हाताऱ्याले वाटलं.

पण बोलता बोलता मेल्या म्हाताऱ्याचा हात चावीवर गेला अन् चावी फिरली. सीटखालच्या टाकीतून नवा पंप घूंऽऽ करून वाजला.

पोरगं म्हणे, "बाबा, अस्वल नाई ते, पंप हाये. चांगला चालू हाये. मले नुसतं ये म्हणाचं ना!"