तेलाची बाटली

मंगळवार, संध्याकाळ

आबांचा विसरभोळेपणा वाढलाय, म्हणून आज धुळ्याच्या दवाखान्यात त्यांच्या मेंदूच्या लहरींचा नकाशा काढायचा होता. मग त्याच लहरी पडद्यावर बघत मेंदूचा सराव. त्यासाठी तारांची टोपी घालतात, केसांना तेल अजिबात नको. सकाळी पिंपळनेरहून निघण्याआधी मीच त्यांचं डोकं शाम्पूनं धुतलं.

टोपी चढवणारी मुलगी थबकली. "ताई, केस तेलानं थबथबलेत."

मी आबांवर ओरडले, "कधी लावलंत?"

ते घाबरून म्हणाले, "तूच लावं ना बेटा, बस येवाना पहिले."

काहीतरीच! बाटली तर मी कालच माळ्यावर टाकलेली.

तपासणी पुढच्या मंगळवारवर गेली. घरी आले. बाटली माझ्या पर्समध्ये. धुतलेलं आठवतं. लावलेलं? नाही.

आत्ता आबांनी हळूच सांगितलं, "पुढला मंगळवारले टोपी तू बी घालजो."