कडेला बसलेली माणसं

मु. पो. पिंपरी पेंढार,
ता. जुन्नर

रूपचंदशेठ यांना बहिरूचा रामराम आणि जय जिनेंद्र.

आम्ही इकडे आहोत. खुशाल आहोत की नाही, ते खालचं वाचून तुम्हीच ठरवा. उगमवहिनींचे गुडघे कसे आहेत? जिना चढत असतील तर चढू देऊ नका, आणि चढत नसतील तर थोडं चालायला लावा. (मला दोन्हीची काळजी वाटते.) तुमच्या कळंबपर्यंत फोन लागत असताना हे पत्र कशाला लिहितो, असं तुमच्या मनात येईल. पण विषय फोनचाच आहे. त्याच्या तोंडावर त्याची तक्रार कशी करायची? हे लिहितानासुद्धा मी त्याला पिठाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं आहे.

तुमच्या नातवानं, अरिहंतनं, आपल्या मोबाइलच्या दुकानातून निवडून दिलेला फोन तसा चांगला आहे. आमचा दादाभाऊ कामाला चाकणला, नात प्रांजल तिकडंच शाळेत. तिला दर रविवारी मेंढरं पाहायची असतात, म्हणून मी व्हिडिओ काढायला शिकलो. तर पहिल्या रविवारी मेंढरं मेंढवाड्याच्या कुंपणाला रांगेत उभी होती. फोटोत सगळी मावत होती. व्हिडिओवर बोट ठेवलं, आणि शेठ, चित्र आपोआप जवळ आलं. मी जागचा हललो नव्हतो. फोनच एक पाऊल पुढं गेल्यासारखा वाटला. कडेची काळतोंडी मेंढी बाहेर राहिली. मी म्हटलं, राहू दे. त्याच रात्री बिबट्यानं तिलाच नेलं. एवढ्या मेंढरांतून तिलाच.

आमच्याकडे बिबट्या म्हणजे न बोलावता येणारा जावई, त्यामुळे मी फोनवर संशय घेतला नाही. मग मारुतीच्या देवळात भजन झालं. आपला सावळेराम कडेला बसला होता. तुम्हाला माहीत आहे, त्यानं आयुष्यात टाळ हातात घेतला नाही. शेजारच्याच्या खांद्यावर बोटांनी ताल धरायचा, आणि शेजारचा म्हणजे मीच. किती वर्षं तो ठेका सोसला मी! त्या दिवशी माझ्या हातात फोन, म्हणून बिचारा स्वतःच्याच गुडघ्यावर वाजवत होता. व्हिडिओत तो आलाच नाही. एक गुडघा तेवढा आला, आणि त्यावर चार बोटं. आठवडा झाला नाही तोच सावळेराम गेला. आमच्या तानूबाईचं म्हणणं, "त्यो दोन वरसं आजारी व्हता. फोननं काय केलं त्याला?" (तिचं बरोबर असेल. पण दोन वर्षं गेला नव्हता, हेही खरंच ना?)

गेल्या रविवारी प्रांजलनं सांगितलं, आजी भाकरी करताना दाखवा. तानूबाई चुलीपुढं बसली. मी नीट पाहून घेतलं, ती पूर्ण दिसत होती. बोट ठेवलं आणि चित्र पुढं सरकलं. चूल राहिली, तवा राहिला, आणि भाकरी थापणारा नुसता हात. बाकी तानूबाई गेली. मी व्हिडिओ बंद करून तिच्याकडे पाहिलं, तर ती होती. मला म्हणाली, "असं काय बघताय, भूत बघितल्यावानी?"

मी अरिहंतला विचारलं. तो हसला. म्हणाला, "बाबा, हात हलला तरी चित्र हलू नये, म्हणून फोन चारी बाजूंनी थोडं थोडं कापतो. दोन पावलं मागं सरायचं." त्यानं हे मला धीर द्यायला सांगितलं. पण याचा अर्थ काय झाला? माझा हात थरथरतो, म्हणून माणसं कापली जातात. मी विचारलं, कापलेलं कुठं जातं? तो म्हणाला, कुठंच नाही. आता वस्तू कापली तर तुकडा कुठंतरी पडणारच. तुम्ही जन्मभर दुकानात धान्य तोललंत, कापड फाडलंत, तुम्हीच सांगा.

तरी त्याचं ऐकलं. तानूबाईला अंगणात मधोमध उभं केलं आणि दोन पावलं मागं सरलो. दुसरं पाऊल जनावरांच्या हौदात पडलं. (फोन वर धरला होता, तो कोरडा राहिला. मी राहिलो नाही.) कपडे बदलून पुन्हा धरला, तर नवीनच. माणसाचा चेहरा ओळखला की फोन त्यावर एक चौकट बसवतो ना? ती तिच्या चेहऱ्यावर टिकेना. तानूबाई धुक्यात गेल्यासारखी पुसट झाली, आणि मागचा ऊस पात अन् पात स्वच्छ दिसायला लागला. चौकट जाऊन बसली त्या उसात. बसलेल्या माणसाच्या उंचीला. तिथं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "मागं बघू नको."

"का? कोन हाय?"

"कोन न्हाई."

"मग बघू का नको?"



उसात बिबट्या असेल म्हणून मी वनखात्याला कळवलं. त्यांनी पिंजरा लावला आणि खरंच, बिबट्या सापडला. सगळ्या गावासमोर तानूबाई म्हणाली, "बघा यांचं भूत, शेपटीसकट!" मला लई बरं वाटलं. नुसता बिबट्याच होता! त्याला गाडीत घालून नेल्यावर मी पुन्हा फोन धरला. चौकट तिथंच बसली.

तेव्हा अरिहंतला सांगा, फोन परत घेऊन जा. दुसरं काही मागणं नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
बहिरू

ता. क. फोन परत नेऊ नका. तो दुसऱ्या कुणाकडे गेला तर तिकडची माणसं कडेला पडतील. त्यापेक्षा तुम्ही स्वतः या. तागडी धरून धरून तुमचा हात दगडासारखा स्थिर झालेला आहे. (हलला असता तर कधीतरी आमच्या बाजूला झुकला असता.) एकदा तानूबाईला पूर्ण, पायांच्या बोटांसकट, व्हिडिओत घ्या. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरं. पाकीट डकवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आज तानूबाई म्हणाली, सगळ्यांचे व्हिडिओ काढता, तुमीच कशात न्हाई. तिनं फोन हंड्याला टेकवून चालू केला आणि मला ओट्यावर बसवलं. ती शेजारी येऊन बसणार होती. आली. खांद्यावर हात ठेवला. चेहरा हलला तर चित्र पुसट होईल, म्हणून मी वळून पाहिलं नाही. आता पाहतो आहे, तर माझा चेहरा तरीही पुसट. खांद्यावरचा हात मात्र स्वच्छ, मनगटापर्यंत. पुढचं कडेला कापलं गेलं आहे. मी तानूबाईला म्हटलं, बरी वेळेवर आलीस. ती म्हणते, "मी कवा आले? कोकरू सुटलं म्हनून मी तिकडं पळाले व्हते."

शेठ, बोटं ठेका धरून हलत आहेत.

लवकर या. निघताना वहिनींना सांगून निघा. आणि आलात की मधोमध बसा. कडेची जागा भरलेली आहे.