टिपेररीतले हिकी

३ जून १८२९
लिहीन लिहीन म्हणत किती दिवस टाळलं! आज खांदा सुजलाय, कुठे हिंडता येत नाही, म्हणून बसलोय.
आमचा क्लेअर परगणा सोडला, गवतकापणीचं काम शोधत शेजारच्या टिपेररीत आलो. बाजारात एकाने नाव विचारलं. "हिकी," म्हटलं — आणि काठीच बसली. "हे बी इथेही उगवलं का रे!" तो लोनर्गन होता. इथे हिकी आणि लोनर्गन आजे-पणज्यांपासून बाजाराच्या दिवशी एकमेकांची डोकी फोडतात. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही.
एका म्हाताऱ्याने मला ओढत घरी आणलं. मोर्ता हिकी. "नाव आपलं, तर बटाटेही आपलेच. खा."

५ जून
शेजारची घोडी व्याली, सगळा दिवस तिकडेच. शिंगरू काय देखणं आहे!
हां, मोर्ताकाका सांगत होते — हिकी म्हणजे मुळात वैद्य. ओ'ब्रायन राजांच्या घरचे. राजे गेले, जमिनी गेल्या, हिकी पांगले. शॅनन नदी ओलांडून काही इकडे आले, काही पार न्यूफाउंडलंडला, मासे खारवायला.
"वैद्य? काका, तुम्ही तर हाडं मोडता!"
"गप रे. आधी मोडली तरच बसवणार ना!"

८ जून
उद्या बाजार. काकांनी काठी दिली — लोणी चोळून धुराड्यात मुरवलेली, काळीभोर. पळून जावंसं वाटलं. गेलो नाही.

९ जून
हाणलं! धूळ, रक्त, उधळलेली गुरं. कुणाचे तरी दात माझ्या बुटाखाली करकरले. आणि खोटं कशाला लिहू — मजा आली.
बायकाही होत्या, मोज्यात दगड घालून. इथे लग्न झालं तरी बाई बापाच्याच नावाने लढते, नवरा समोरच्या बाजूला असला तरी. हे मला कुणी सांगायचं? काकांची लेक ग्रॅन्या आमच्या बाजूने लढत होती, ती पडली. एक लोनर्गन तिच्यावर वाकला. मी दोन्ही हातांनी काठी घातली त्याच्या डोक्यात. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज.
काका ओरडले, "अरे गाढवा, नवरा आहे तो तिचा! उचलत होता तिला!"

११ जून
ग्रॅन्याचा नवरा, फेलिम लोनर्गन, अजून शुद्धीवर नाही. गेला, तर मला फास. नाहीतर लोनर्गनांच्या काठ्या. जहाज गाठू?
काका म्हणाले, "माझ्या छपराखाली हिकीला कुणी हात लावत नाही."
"आणि ग्रॅन्या?"
"ती आपलीच. जन्माचं नाव धुऊन जात नाही." पण माझ्याकडे बघितलं नाही.

१२ जून
बाहेर आरडाओरडा. वाटलं, शिपाई आले. नाही — ग्रॅन्या! एकटीच. फेलिमचा रक्ताळलेला डगला मातीतून फरफटत आणतेय. लढायला बोलावायची इथली हीच रीत — हिंमत असेल त्याने डगल्यावर पाय द्यावा. बापाच्या अंगणात उभी राहून ओरडतेय, "मी लोनर्गन! आहे का कुणी हिकी?"