मस्कतच्या बाळाला शिरूरची अंघोळ

बाई, वळखलं का मला? न्हाई वळखलं तरी हूं म्हणा. हयात होतात तवा तरी कुठं काय ध्यानात राहायचं तुमच्या? आमच्या आळीत बायांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायला यायचात, छत्री एकीच्या घरी, चष्मा दुसरीच्या घरी ठेवायचात, आन् रिकाम्या हातानं एसटीत बसायचात. तुम्हाला जाऊनबी आता कैक वर्षं झाली, तवा मीच सांगते. मी मागच्या भिंतीला टेकून बसणारी. पाटीवर 'ग' काढायला सांगितला की शेळीला पाला टाकायचाय म्हणून उठून जाणारी. तुम्ही घसा कोरडा केलात, पण अक्षर काही माझ्या दारात आलं न्हाई. हे पत्रबी मी बोलतीय आन् नात लिहितीय. मधनंच हसती, म्हंजी आपल्या मनाचं काहीतरी घालत आसंल.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माझी लेक जावयासंगं मस्कतला, आन् दिवस भरत आल्यावर तिथल्या डॉक्टरनं तिला विमानात बसू दिलं न्हाई. माझ्याकडं पासपोर्ट कुठला, रेशनकार्ड होतं. मुलगी झाली. चार दिवसांनी बूथवर लेकीचा फोन. "आई, घरी आणल्यापासनं निस्ती पुसून घेतीय तिला. तेल लावलं की अंग घसरतं गं. माझ्या हातनं सुटली म्हंजी?" आन् जी रडायला लागली ती थांबंना. आळीतली निम्मी लेकरं मी न्हाऊ घातलेली, बाई, पण फोनवर सांगू काय? ते हाताला येतं, जिभेला येत न्हाई.

तशीच डोळे पुसत बाजारातनं निघाले, तर समोर तुम्ही. सगळं ऐकून घेतलंत आन् म्हणालात, "मग दाखवा की हातानं. कंप्युटरवर दिसतं आता." मी म्हणले, "मी अडाणी बाई, मला कुठलं जमतंय." भर बाजारात डाफरलात माझ्यावर. "हा शब्द पुन्हा तोंडातून काढलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी. चला."

बूथवरनं लेकीला कंप्युटरपुढं बसायला सांगून झालं, आन् एसटी स्टँडामागच्या त्या नेटकॅफेच्या दारात मी चपला काढते. आत कॉलेजची पोरं, एकेका डब्यापुढं मान घालून बसलेली. तुम्ही मला खुर्चीवर बसवता, माझ्या हाताखाली तो माऊस देता. मी दाबून धरते, बाण पार कोपऱ्यात पळतो. "अहो, नरडं नका धरू त्याचं," तुम्ही म्हणता, "सारवताना पोतेरं फिरवता ना, तसा हलका हात. आणि मडकं घेताना वाजवून बघता, तशा दोन टिचक्या काचेतल्या त्या पिवळ्या हसऱ्या तोंडाच्या चित्रावर." लिहायचं तेवढं तुम्ही लिहिलंत. टिचक्या मात्र माझ्या. आन् काचेत लेक उगवली. वाळलेली, केस न विंचरलेली. "आई!" म्हणली आन् आवाज आधी आला, ओठ मागनं हलले.

मग मी चुकले. अंघोळ म्हंजी खाली बसायचं, पाय लांब करायचे, नडगीवर लेकरू घ्यायचं. मी पदर खोचला आन् फतकल मारून फरशीवर बसले. वरनं लेक वरडती, "आई, कुठं गेलीस? निस्ती खुर्ची दिसतीय!" त्या कॅमेऱ्याची वायर खाली पुरंना. तुम्ही इकडं बघितलं, तिकडं बघितलं आन् म्हणालात, "चढा टेबलावर." सासऱ्यापुढं जी कधी खाटंवर टेकली न्हाई, ती मी दोन टेबलं जोडून वर चढले, लुगडं सावरून पाय पसरले. तुम्ही अंगावरची शाल गुंडाळून माझ्या पायावर ठेवलीत. "हे घ्या तुमचं नातवंड." पोरं खिदळायला लागली, तर त्यांच्याकडं वळून म्हणालात, "काय बघता रे? तुम्हीही असेच पायावर पालथे पडून एवढे झालात." सगळ्यांनी माना परत डब्यात घातल्या.

शालीला मी तेल चोळलं, हात-पाय उलटसुलट जोडले, पालथी घालून पाठीवर पाणी घातलं, सगळं खोटं. तिकडं लेकीनं खोलीतच प्लास्टिक अंथरलं, पाय लांब केले, बाळाला घेतलं. "मान धर, मान. बोटं पसरून. आता तांब्या वर घे." तिनं तांब्या वर घेतला आन् चित्र थिजलं. तांब्या वर, पाणी अर्ध्यात, बाळाचं तोंड उघडं. आवाजबी न्हाई. माझं पाऊल तुम्ही घट्ट धरून ठेवलेलं. पोरंसुद्धा खुर्च्या सोडून उभी. मग एकदम हललं सगळं. लेक हसत होती, आन् पायावरची ती मूठभर बया चक्क जांभई देत होती.

पुढं जावई सणसवाडीच्या कंपनीत लागला, सगळी परत आली. ती जांभई देणारी हीच, आत्ता लिहिणारी. आता हसायची थांबलीय.

त्यानंतर दर रविवारी आपण तिथं भेटायचो. खरं सांगू? तिसऱ्या खेपेलाच मला सगळं यायला लागलं होतं. बाण, टिचक्या, आवाज वाढवायचा, समदं. पण तुम्ही येईपर्यंत मी हाताची घडी घालून बसायची आन् आल्यावर म्हणायची, "बाण कुठं गेला, बघा की बाई." मग तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून फिरवायचात. तसं हात धरून मला आधी कुणी काही शिकवलं न्हवतं. तेवढ्यासाठी.

नात विचारती, पाकिटावर पत्ता काय घालू? म्हणले, घडी कर आन् ठेव माझ्या लुगड्यांत. तिकडनं इकडं येणारं कुणी भेटलंच, बाई, तर त्याच्यासंगं तुमच्या हातची जवसाची चटणी धाडा. जाडसर कुटलेली, मिक्सरातली नको. तिकडंबी आसंलच की खलबत्ता.