फरक शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.२०
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
देशाची वेळ माझ्या हातात आहे. अतिशयोक्ती नाही. बँका, मोबाईलचे टॉवर, विजेचं जाळं, सगळी घड्याळं उपग्रहाच्या सिग्नलवर लावलेली. तो सिग्नल गेला तर? सरकारने विचारलं. उत्तर मी दिलं, त्रेपन्न पानांत. टेकडीवरचं जुनं रेडिओ केंद्र वेळ पुरवेल. तिथे अणुघड्याळ आहे, मनोरा आहे आणि काटा आहे.
काटा म्हणजे माझा कॉलेजचा मित्र. अंगाने काटकुळा, वेळेला पक्का. पंधरा वर्षं बायकोबरोबर वर राहतो. रोज दहाला तो अणुघड्याळ उपग्रहाच्या वेळेशी ताडून बघतो आणि फॅक्स करतो. ‘फरक शून्य. ठीक.’ खाली सही.
संचालकबाईंनी विचारलं, केंद्र शेवटचं कधी पाहिलंत. म्हटलं, सतत संपर्कात असतो.
संकल्प : या आठवड्यात टेकडीवर जाणे.

५ फेब्रुवारी, बुधवार
गेलो नाही. वर वारा फार असतो म्हणे. सर्दी अंगावर काढायचं माझं वय नाही.
घरी भलतंच. बायकोला बँकेत आमच्या जुन्या स्टोअरकीपरची बायको भेटली. ती म्हणाली, काटा गेला. ऑगस्टमध्ये. हार्ट.
मी हसलो. आजच सकाळी त्याचा फॅक्स आलाय. गेलेला माणूस फॅक्स कसा करेल? बायको म्हणाली, फोन करून बघा ना. म्हटलं, बघतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी
फोन केला नाही. पुरावा आधी, फोन नंतर. सगळे फॅक्स काढले आणि जुलैची सही जानेवारीच्या सहीशेजारी ठेवली. तीच वेलांटी, तोच खालचा फराटा. जिवंतच आहे.
एवढंच, की ऑगस्टपासून त्याचं अक्षर सुधारलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. ४.१०
फोन लावला. तीन रिंग झाल्या आणि कोणीतरी उचलला. पलीकडे एक शब्द नाही. मागे टक, टक, टक. मीही बोललो नाही. मग ठेवून दिला.
घाबरलो वगैरे नाही. मीटिंग होती.
(मीटिंग नव्हती. पण असू शकली असती.)

१० फेब्रुवारी, सोमवार
हॉस्टेलवर परीक्षेच्या दिवशी काटा मला हाक मारून उठवायचा नाही. नुसता पलंगाशी उभा राहायचा. आपोआप जाग यायची.
आज दहाला फॅक्सची घरघर सुरू झाली आणि खुर्चीमागे कोणीतरी तसंच उभं आहे असं वाटलं. खुर्ची भिंतीला टेकवून घेतली. आता वाटतं, समोर उभं आहे.
डोळे तपासून घेणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सेवानियम चाळले. जिवंत कर्मचारी गैरहजर राहिला तर काय करायचं यावर चार पानं आहेत. मयत कर्मचारी हजर राहिला तर? एक ओळ नाही. नियमाविरुद्ध नाही, म्हणजे चालतं.
अठराला मोठी चाचणी. दोन तास उपग्रहाची वेळ बंद करून सगळा कारभार टेकडीच्या सिग्नलवर चालवायचा. एवढ्यासाठी बाईंना भुताखेताचं काय सांगायचं? चाचणीनंतर सांगू. शिवाय काटा जिवंतपणी कधी चुकला नाही, आता का चुकेल?

१८ फेब्रुवारी, मंगळवार. १.१५
अकराला सिग्नल बंद केला. मी डोळे मिटून बसलो होतो. लोकांना वाटलं, आत्मविश्वास.
एकला सगळी घड्याळं तपासली. एकही तसूभर चुकलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
बाई म्हणाल्या, टेकडीवरच्या त्या गृहस्थांचा सत्कार करू, त्यांना घेऊन या. मी म्हणालो, तो हल्ली कुठे जात-येत नाही. मग तुम्ही जाऊन विचारा, म्हणाल्या. परवा जीप देते.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी
ड्रायव्हर फाटकाशी थांबला. मी एकटा आत गेलो.
घड्याळाच्या खोलीचं दार लोटलेलं. टेबलाशी कोणीतरी पाठमोरं बसलेलं. काटकुळी पाठ, काट्याचा राखाडी स्वेटर. मी हळूच म्हणालो, “काट्या?”
ती वळली. वहिनी. काट्याची बायको.
तिने उठून मला खुर्ची दिली. मग शांतपणे सांगत गेली. ऑगस्टमधली सकाळ, साडेनऊ. तो याच टेबलावर कोसळला. तिने त्याला खाली निजवलं, गावातल्या डॉक्टरांना फोन केला. कळतच होतं, काही उरलं नव्हतं. डॉक्टर यायच्या आत दहा वाजले.
“रीडिंग घेतलं,” वहिनी म्हणाली. “शुद्धीवर आले असते तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं त्यांनी.”
पंधरा वर्षं शेजारी बसून शिकली होती. त्याला ताप आला की सहीसुद्धा तीच करायची. मग रोजच करत राहिली. मधे एकदा फोन आला, नुसता श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं, ऑफिस तपासणी करतंय, म्हणून तीही बोलली नाही.
मला राग आला. भीती ओसरली की मला राग येतो. म्हटलं, आम्हाला कळवायचं नाही का?
तिने कपाटातून फाइल काढली. तिच्या पत्राची प्रत होती : हे गेले, किल्ल्या कोणाकडे देऊ? खाली आमच्या ऑफिसचं उत्तर. ‘आपले पत्र मिळाले. पुढील आदेशापर्यंत सद्यस्थिती कायम ठेवावी.’
सही माझी.
“पगार थांबला तेव्हा वाटलं, चुकून चाललंय सगळं,” ती म्हणाली. “मग हे परत वाचलं. म्हटलं, भावजी त्यांचे मित्र. विचार करूनच लिहिलं असेल.”
फाइल मिटून तिच्या हातात दिली. म्हणालो, वहिनी, पुष्कळ केलंत, आता आराम करा.
तिने विचारलं, हा आदेश समजू का?
मी हो म्हणालो. अशा वेळी माणूस नाही कसं म्हणेल?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री नको, आत्ताच लिहितो. १२.४०
दहाला फॅक्स आला नाही. अकराला बाईंनी विचारलं. मशीन बिघडलंय, असं म्हणालो. त्यांनी मशीन तपासायला माणूस पाठवला. मशीन ठणठणीत.
टेकडीवर फाटकाच्या रखवालदाराला फोन लावला. म्हणाला, वहिनी सकाळच्या गाडीने बहिणीकडे गेल्या. किल्ल्या त्याच्याकडे आहेत. दार बंद आहे.
बाईंनी आवक-जावक फाइल मागवली. वहिनीचं पत्र सापडलं, माझं उत्तर सापडलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून म्हणाल्या, “उद्यापासून तिथे कोणीतरी हवं. तुम्ही जा.”
किती दिवस ते विचारलं. पुढचा आदेश निघेपर्यंत, म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००
वाईटात चांगलं शोधावं. स्वतंत्र कार्यभार. शुद्ध हवा. वाचन होईल.
बायकोला सांगितलं, ही एका अर्थी बढतीच. ती स्वेटरच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होती. माझ्या आणि तिच्याही. मग म्हणाली, “गेल्या गेल्या मला ते रीडिंग घ्यायला शिकवा.”
मी विचारलं, तुला कशाला?
ती घड्या घालत राहिली.