नापास नाण्याची नाणेफेक

कामोठे (जुनं गाव. सेक्टर नव्हे. हे का लिहितोय ते पुढं कळेल)
ता. पनवेल
फेब्रुवारी २०१३

उरणचे हसनभाई यांना कामोठ्याच्या तुळशीरामचा आधी सलाम, मग रामराम, आणि सकीनाभाभींना दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुझी साखर किती आहे ते कळव, आणि खरी कळव. मागच्या वेळी तू सांगितलेला आकडा रंभानं ऐकला आणि म्हणाली, की एवढी कमी साखर तर आपल्या चहातपण नसते. माझा गुडघा आहे तसाच आहे. बसलो की उठत नाही आणि उठलो की बसत नाही. (तुला अहो-जाहो लिहायचं मनात होतं, वयाला शोभतं म्हणून. पण भाभींना वाटायचं, दोघांचं भांडण झालं.) हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकतोस, आणि या पत्रातल्या काही गोष्टी भाभींच्या कानावर एकदम पडू नयेत असं मला वाटतं. म्हणून पत्र. एकट्यानं वाच, दुकानाचं शटर अर्धं ओढून.

तू विचारलंस, की तुझा अदीब पुन्हा आखातातून येतोय, तर डब्यातली बाकीची साधी नाणीही त्याच्याबरोबर त्या परदेशी कंपनीकडे तपासायला पाठवू का. उत्तर एका शब्दाचं आहे. पण तो शब्द नुसता लिहिला तर तू म्हणशील, तुळशीराम जळतो. माझ्या नाण्याचं काय झालं ते आधी ऐक.

तुला आठवत असेल, एशियाडच्या वर्षी तुझ्या गल्ल्यात खेळांच्या छापाची दोन रुपयांची दोन कोरी नाणी आली होती. एका बाजूला खेळांची खूण, दुसऱ्या बाजूला सिंह. एक तू मखमली डबीत ठेवलंस आणि दुसरं मला दिलंस, म्हणालास, "खेळाचं नाणं हाय, खेळाला ठेव." मी ठेवलं. तेव्हापासून आमच्या गावच्या अंडरआर्म क्रिकेटच्या प्रत्येक फायनलची नाणेफेक त्याच नाण्यानं आणि माझ्याच हातानं झाली. तुझं नाणं मखमलीत झोपलं. माझं चिखलात पडलं, बैलाच्या खुराखाली गेलं, एकदा रोलरखाली सापडून कडेला खाच घेऊन बाहेर आलं. शिवाय आमच्याकडे फायनलच्या आदल्या संध्याकाळी रंभा ते चिंचेनं घासते, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवते, आणि कमिटी येऊन पाया पडते. इतक्या वर्षांच्या चिंचेनं मधल्या सिंहाचं नाक पार सपाट झालंय. आता तो सिंह कमी आणि सर्दी झालेला माणूस जास्त दिसतो. पण हसनभाई, मला बॅट कधी धरता आली नाही, बॉल टाकला तर तो यष्टीऐवजी पंचाकडे जायचा. त्या मैदानात माझं म्हणून जे काही आहे ते एवढंच: त्या एका सकाळी सगळं गाव गप्प होतं आणि माझ्या अंगठ्याकडे बघतं.

असं असताना मला ते नाणं परदेशी पाठवायची बुद्धी कोणी दिली? तू. तुझ्या ओट्यावर बसून सांदण खाता खाता अदीबनं समजावलं होतं, की तिकडे मोठमोठे जाणकार भिंगातून नाणं बघतात, सत्तरपैकी मार्क देतात, प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतात आणि वर चिठ्ठी लावतात, की मग किंमत वाढते. मी विचारलं, ज्या नाण्याला बाजारात वडापाव येत नाही त्याची वाढून वाढून किती वाढेल? तू म्हणालास, सवाल पैशाचा नाय, इज्जतीचा हाय. झालं. इज्जत म्हटलं की माझी अक्कल रजेवर जाते. दोघांची नाणी एकाच पाकिटात गेली (टपाल वाचलं म्हणून आपण किती खूश होतो!) आणि माझ्या वाट्याच्या फीमध्ये रंभाच्या नव्या मिक्सरचे पैसे गेले. तेव्हापासून ती रोज पाट्यावर वाटण वाटताना वरवंटा जरा जोरात आपटायची.

दिवाळीपर्यंत येणार होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तुझी पेटी उरणला पोचली, चौसष्ट मार्क मिळाले, ती तू हॉलच्या शोकेसमध्ये भाभींचा डिनर सेट बाजूला सारून ठेवलीस, हे सगळं तूच मला फोनवर तीनतीनदा सांगितलंस. माझ्या पेटीचा पत्ता नाही. आणि इकडे फायनल तोंडावर आली, आपटा गावच्या संघाशी.

आता कमळाकरला तू ओळखतोस. पूर्वी आमच्या शेजारी मिठागरावर होता, आता बिल्डर आहे आणि कमिटीचा अध्यक्षही आहे. त्यानं सोनाराकडून सोन्याचं पाणी दिलेलं नाणं करून आणलं होतं. एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला कमळाकर. (दोघांत पोट कोणाचं मोठं यावर गावात मतभेद आहेत.) तो येताजाता विचारायचा, "काका, नाणा तयार हाय ना? नसंल तर सांगा, आपला हाय." मी म्हणायचो, आहे, देव्हाऱ्यात आहे. खोटं बोलताना माझा डावा कान लाल होतो हे रंभाला माहीत आहे, त्याला नाही, एवढ्यावर मी दिवस काढत होतो. कमळाकरचं नाणं एकदा मैदानात आलं असतं ना हसनभाई, तर पुढल्या वर्षीपासून अंगठाही त्याचाच आला असता. आणि मी बायकांच्या मागं खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलो असतो.

फायनलच्या आदल्या दिवशी कुरिअरवाल्यांचा फोन आला, की पार्सल आलंय, पण द्रोणागिरीला. सेक्टरचा नंबर तोच, गाव वेगळं! आमच्या जुन्या गावाला सेक्टरच नाही, तर अदीबनं शेजारचा सेक्टर टाकला, आणि तो सेक्टर द्रोणागिरीतही निघाला. ते म्हणाले, परवा पाठवतो. मी म्हटलं, परवा माझी गरज संपलेली असेल. दुपारच्या उन्हात गुडघा घेऊन निघालो. त्या गोदामांच्या रस्त्यावर सगळे कंटेनरचे ट्रेलर आणि मी. सगळी गोदामं एकसारखी, सगळ्यांचे वॉचमन म्हणतात पुढं बघा. सापडलं तेव्हा आतला माणूस म्हणाला, ओळखपत्र दाखवा. दाखवलं. तर म्हणे, यावर कामोठे लिहिलंय, पार्सलवर आमचा शिक्का द्रोणागिरीचा. घरी कमिटी यायची वेळ होत आली होती. शेवटी मी त्याला विचारलं, बाबा, तू क्रिकेट बघतोस का? आणि सगळं सांगितलं. तो उठला, पार्सल माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आमची फायनल पुढच्या रविवारी आहे, पळा. (मोठमोठ्या कामांना माणसं अडवतात, नाणेफेकीला कोणी अडवत नाही.)

घरी पोचलो तर कमिटी ओट्यावर बसलेली आणि रंभाची चिंच भिजून तयार. पाकीट फोडलं. आत पेटी. नाणं असं चकाकत होतं की मलाच ओळखू येईना. मी मनात म्हटलं, एवढी फी घेतली, धुऊन दिलं असेल. रंभानं चिंच हातात घेतली आणि घासणार कशावर? तिनं पेटी उलटीपालटी केली, नखानं फट शोधली, मग प्लॅस्टिकवरच कुंकू लावलं. तेवढ्यात कमळाकरनं पेटी उचलून चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचलं. घासलेलं आहे, झिजलेलं आहे, म्हणून मार्क देता येत नाहीत. ओट्यावर बसलेला आमचा कप्तान जगन हळूच म्हणाला, "मंजे... नापास?"

हसनभाई, सकाळी मैदानात गेलो तर पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी घरातली मांजर आडवी घेऊन चाललोय. नापास नाण्यानं टॉस केला तर मॅचही नापास, असं जगनच्या आईनं सांगून टाकलं होतं. माइकवाला पुन्हा पुन्हा नाव पुकारत होता. कमळाकर खिशातून आपलं सोनेरी नाणं काढून पिचकडे निघालासुद्धा. माझ्या हातात पेटी, आणि मी अजून मैदानाच्या कडेलाच. तेव्हा आपट्याचा कप्तान परेश आडवा आला. म्हणाला, "आमचं बाप या नाण्यावर हरलं, आमी बी हरलो. दुसऱ्या नाण्यावर जिंकून काय करू? यो काका आनि योच नाणा. पन पेटी नको."

मी म्हटलं, पेटीसकट उडवतो. (फोडली की चिठ्ठी बाद, असं अदीबनं बजावलं होतं, आणि नापास का होईना, मिक्सर गेला होता त्यात.) उडवली. वर गेली, गरगर फिरली, आणि खाली येऊन पिचच्या भेगेत कडेवर उभी राहिली. ना सिंह, ना खेळ. अख्खं मैदान हसलं. जगन हसला नाही. माझ्याकडे न बघता तो कमळाकरकडे बघायला लागला, आणि तेव्हा मला वाटलं, की संपलं, आता शेंगा.

नारळ फोडायच्या दगडानं पेटीवर घाव घातला. ओरखडासुद्धा नाही. पुन्हा घातला, माझंच बोट चेचलं. मग बायकांच्या बाजूनं वाट झाली आणि रंभा पदर खोचून पिचवर आली. हातात वरवंटा. घरी जाऊन घेऊन आली होती. "सरा," म्हणाली. एवढंच. तिनं पेटी रोलरवर ठेवली, आणि त्या एका घावात दिवाळीपासूनचं सगळं वाटण होतं. पेटीचे तुकडे परेशच्या पायापर्यंत गेले. नाणं टुणकन उडालं, मी झेललं (आयुष्यातला माझा पहिला झेल) आणि लगेच अंगठ्यावर घेतलं. गाव गप्प झालं. जगन ओरडला, "शिंव!" शिंवच पडला. आणि शेवटच्या बॉलपर्यंत नखं कुरतडायला लावून मॅचही आमचीच झाली. कमळाकरनं मला हार घातला, माइकवर म्हणाला, काकांचा नाणा पास.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नको. साधी नाणी डब्यातच बरी. ज्याला वडापाव येत नाही त्याला मिक्सरच्या किमतीची पेटी कशाला? भाभींना, अदीबला माझी आठवण सांग, आणि गोड खाऊ नकोस.

तुझा
तुळशीराम

ता. क. दुसऱ्या दिवशी रंभा नाणं धुवायला बसली आणि हात थांबवून म्हणाली, "यो आपला नाय." मी चष्मा लावला. कडेला खाच नाही. मधल्या सिंहाला नाक आहे, चांगलं धारदार. हसनभाई, हे तुझं मखमलीतलं नाणं आहे. एकाच पाकिटातली दोन सारखी नाणी, तिथल्या जाणकारांनी मार्क बरोबर दिले पण पेट्यांत घालताना अदलाबदल केली. तुझ्या शोकेसमध्ये चौसष्ट मार्क घेऊन जे बसलंय ते माझं चिखलातलं आहे. इतके पाहुणे येऊन वाहवा करून गेले, सगळ्यांनी आकडा वाचला. तू आता भिंग घेऊन सिंहाचं नाक बघ. भाभी ओट्यावर असताना बघ.

ता. क. २. आता मूळ काम. मला माझं नाणं हवंय. पेटी फोडायची की चौसष्ट मार्क जपायचे, ते तू ठरव. तुझ्या इज्जतीचा प्रश्न आहे, मी जबरदस्ती करणार नाही. पण जगन आणि परेश मिळून आता होळीला आणखी एक मॅच ठेवतायत, आणि परक्या नाण्यावर माझा अंगठा चालत नाही. तुझं नाणं मी जपून ठेवलंय. त्याला लागलेला चिखलही पुसलेला नाही, कारण पुसलं की म्हणे मार्क जातात.

ता. क. ३. रविवारी पेटी घेऊन जेवायला ये. गावात कोणाला काही बोलू नकोस. रंभानं वरवंटा धुऊन ठेवलाय, चिंच तू आलास की भिजत घालेल.